सर्कशीतली मुले आणि परक्याची दया

एका परदेशी कुटुंबाच्या दुःखातून एक न्यास जन्माला येतो, त्या न्यासाची माणसे हजारो मैलांवरून येऊन आपल्या देशातील तंबूंतून मुले सोडवून नेतात, आणि आपण ती हकीकत वर्तमानपत्रात वाचून "जगात अजून चांगुलपणा शिल्लक आहे" असे म्हणतो व पान उलटतो. मला या वाक्याचा राग येतो. त्या चांगुलपणाविषयी माझी तक्रार नाही. परंतु ज्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत पगारी अधिकारी बसलेले आहेत, ज्या कामासाठीचे कायदे होऊन दशके लोटली आहेत, ते काम करावयास लंडनहून माणूस यावा लागला, ही लाजिरवाणी वस्तुस्थिती त्या एका वाक्याखाली सोयीस्करपणे झाकली जाते.

मी बोलतो आहे ते एस्थर बेंजामिन्स ट्रस्टविषयी. फिलिप होम्स हे ब्रिटिश सैन्यातील दंतवैद्यक अधिकारी. जानेवारी १९९९ मध्ये त्यांच्या पत्नी एस्थर यांनी आपले आयुष्य संपवले. अपत्य नसल्याचे दुःख त्यांना असह्य झाले होते. होम्स यांनी सैन्यातील नोकरी सोडली आणि त्याच वर्षी पत्नीच्या नावे मुलांसाठी न्यास स्थापन केला. कार्यक्षेत्र म्हणून निवडले नेपाळ. आरंभीचे काम तुरुंगातील मुलांचे होते. आईबाप शिक्षा भोगत आहेत आणि घरी सांभाळणारे कोणी नाही, एवढ्याच कारणाने नेपाळच्या तुरुंगांत मुले वाढत होती, त्यांना बाहेर काढून शाळेत घालावयाचे. पुढे २००२ च्या सुमारास या मंडळींच्या ध्यानात आले की मकवानपूर जिल्ह्यातून, हेटौडाच्या आसपासच्या खेड्यांतून, लहान लहान मुली भारतातील सर्कशींत नेल्या जात आहेत. पुढील काही वर्षांत या न्यासाने, त्याच्या नेपाळी भावंड-संस्थेने आणि भारतातील काही स्वयंसेवी संस्थांनी मिळून अशा शेकडो मुलामुलींची सुटका घडवून आणली.

सर्कस म्हटले की मराठी माणसाला विष्णुपंत छत्रे आठवतात आणि ते योग्यच आहे. कुरुंदवाडच्या संस्थानिकांचा आश्रय लाभलेल्या या अश्वविद्यानिपुण गृहस्थाने १८८० मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. त्यामागून म्हैसाळचे देवल आले, कार्लेकर आले. पुण्याचा दामू धोत्रे तर वाघसिंहांचे खेळ करीत अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्सच्या तंबूपर्यंत पोहोचला. छत्र्यांपासून प्रेरणा घेऊन मलबारातील तेलिचेरीस, म्हणजे आजच्या तलश्शेरीस, कीलेरी कुन्हिकण्णन यांनी कसरतपटू घडविण्यास सुरुवात केली आणि पुढील अर्धे शतक भारतीय सर्कशीचे मनुष्यबळ मुख्यतः केरळातून येत राहिले. मग ते येणे का थांबले? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर शोधावे लागत नाही. केरळात शाळा गावोगाव पोहोचली, मजुरी वाढली, आखातातील नोकऱ्यांची वाट खुली झाली. मूल सर्कशीत धाडण्याची गरज उरली नाही. त्याच सुमारास चित्रपट आणि दूरदर्शन यांनी सर्कशीचा प्रेक्षक पळविला आणि गल्ल्यातील आवक रोडावली. आवक घटत असताना धंदा चालू ठेवावयाचा तर स्वस्तात स्वस्त श्रम शोधावे लागतात, आणि मुलाच्या श्रमाइतके स्वस्त दुसरे काही नाही. शिवाय झोक्यावरच्या कसरतीसाठी लवचीक, हलके शरीर लहानपणीच घडवावे लागते. केरळची शाळा जिथे पोहोचली नव्हती असा सर्वांत जवळचा गरीब मुलूख म्हणजे नेपाळचा डोंगराळ भाग. सीमा खुली, पारपत्राची गरज नाही. १९५० च्या मैत्री कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना ये-जा करण्याची, राहण्याची मुभा दिलेली. ही मुभा गरिबाला मिळालेली मोठी सवलत आहे आणि ती राहावी असेच माझे मत आहे. परंतु तिचा लाभ दलालालाही मिळतो.

या दलालाची रीत महाराष्ट्रातील वाचकास परकी वाटणार नाही. ऊसतोडणीच्या टोळ्या ज्या 'उचली'वर बांधल्या जातात, तीच उचल येथेही आहे. गावातला किंवा नात्यातलाच कोणी येतो. मुलगी सर्कशीत नाचेल, चांगले कपडे घालील, दरमहा पैसे पाठवील, असे सांगतो. आईबापांच्या हाती काही रक्कम पडते, एका कागदावर अंगठा उमटतो, आणि त्या कागदात मुलीची कित्येक वर्षे लिहून दिलेली असतात. मग महिन्याचे पैसे येत नाहीत. मुलीला भेटावयास बाप तंबूशी आलाच, तर उचल फेडण्याची भाषा होते.

आता हा कागद कायद्याच्या दृष्टीने काय योग्यतेचा आहे ते पाहा. अज्ञानाशी केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये सांगून ठेवले. आईबापांनी मुलाचे श्रम तारण ठेवणे हा गुन्हा ठरविणारा कायदा इंग्रजांच्या अमदानीतच, १९३३ मध्ये झाला. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने मनुष्यांचा व्यापार आणि वेठबिगार निषिद्ध केली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने उचलीपोटी घेतलेले श्रम गुन्हा ठरविले आणि कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला. १९८२ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम हीदेखील सक्तीची मजुरीच होय. थोडक्यात, पहिली परदेशी व्यक्ती त्या तंबूत शिरण्याच्या कितीतरी आधी त्या मुलीच्या सुटकेस लागणारा प्रत्येक कायदा जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर होता.

यातील एक कलम तर मला विशेष बोलके वाटते. १९८६ च्या बालकामगार कायद्यात आस्थापनेच्या व्याख्येत सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे स्पष्टपणे घातली होती, आणि जेथे मुलांना कामास पूर्ण बंदी नव्हती अशा आस्थापनांतही चौदा वर्षांखालील मुलाकडून सायंकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम घेण्यास मनाई होती. आता गावच्या भिंतीवरील सर्कशीची जाहिरात डोळ्यांपुढे आणा. वर झोक्यावर उडणाऱ्या चिमुरड्या मुलींचे चित्र. खाली खेळांच्या वेळा, आणि त्यांत रात्रीचा खेळ. गुन्ह्याची कबुली रंगीत छापून चौकाचौकात चिकटविली जात होती. ती वाचावयास निरीक्षकाला कार्यालयाच्या बाहेरही पडावे लागत नव्हते, त्याच्याच कार्यालयाच्या भिंतीवर ती लावलेली असे.

सर्कस ही काही तळघरात चालणारी जरीकामाची खोली नव्हे. तिच्याइतका उघडावाघडा मालक शोधून सापडणार नाही. ती गावात यावयाची तर मैदानासाठी नगरपालिकेची परवानगी लागते, खेळासाठी पोलिसांचा परवाना लागतो, वीज मंडळाची तात्पुरती जोडणी लागते, अग्निशमनाचा दाखला लागतो. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत करमणूक कर वसूल करणारा माणूस तंबूच्या दाराशी येऊन तिकिटे मोजत असे. तिकिटे मोजली गेली, खुर्च्या मोजल्या गेल्या, वाळूच्या बादल्या मोजल्या गेल्या. मुले कोणी मोजली नाहीत. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही, कारण निष्काळजी माणूस बादल्यादेखील मोजत नाही. प्रत्येकाने आपापल्या रकान्यापुरते पाहिले, आणि मुलांचा रकाना ज्याच्याकडे होता त्याच्या वहीत "पाहणी केली, बालकामगार आढळले नाहीत" असे वाक्य आधीच लिहून ठेवलेले होते. सेवेच्या उमेदवारीच्या काळात एका जिल्ह्याच्या ठिकाणी सर्कशीकडून आलेल्या मोफत पासांच्या वाटपाची यादी मी पाहिली आहे. पहिल्या रांगेसाठी ज्या कार्यालयांची नावे होती, त्यांत कामगार निरीक्षकाचे कार्यालयही होते. म्हणजे पाहणी होत होती, सहकुटुंब होत होती.

आणि याच तंबूत त्याच काळात राज्याला दुसरे काही व्यवस्थित दिसत होते. वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांना खेळासाठी शिकविण्यास व त्यांचे प्रदर्शन करण्यास केंद्र सरकारने ऑक्टोबर १९९८ मध्ये अधिसूचना काढून बंदी केली. सर्कसमालक न्यायालयात गेले. केरळ उच्च न्यायालयाने २००० मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने मे २००१ मध्ये ती बंदी उचलून धरली. जनावरांना त्रास होऊ नये या मताचा मीही आहे. पण त्याच रिंगणात, त्याच चाबकाच्या टप्प्यात असलेल्या मुलींसाठी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघावयास १८ एप्रिल २०११ ही तारीख उजाडावी लागली. वाघाला आणि मुलीला मिळालेल्या न्यायात दहा वर्षांचे अंतर आहे. वाघासाठी वन विभाग होता, प्राणिमित्रांचे मंडळ होते, संसदेत बोलणारे लोक होते. मकवानपूरच्या तामांग मुलीला येथे मतदारसंघ नव्हता.

त्या २०११ च्या आदेशामागची हकीकतही थोडक्यात सांगितली पाहिजे. जून २००४ मध्ये उत्तर प्रदेशातील गोंडा जिल्ह्यात एका सर्कशीतून नेपाळी मुलींना सोडवावयास 'बचपन बचाओ आंदोलन'चे कार्यकर्ते गेले असता त्यांना बेदम मारहाण झाली. मार खाणाऱ्यांत कैलाश सत्यार्थी होते. त्यांना २०१४ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा अभिनंदनाचे ठराव करणाऱ्यांना गोंडा आठवले की नाही, कोण जाणे. २००६ मध्ये या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि पाच वर्षांनी न्यायमूर्ती दलवीर भंडारी व न्यायमूर्ती ए. के. पटनायक यांच्या पीठाने निकाल दिला. सर्कशीत मुलांना कामास ठेवण्यास बंदी करणारी अधिसूचना दोन महिन्यांत काढा, सर्व सर्कशींवर छापे घाला, सुटलेल्या मुलांना संरक्षणगृहात ठेवा, आईबापांशी बोला, पुनर्वसनाची योजना आखा. हे आदेश वाचताना माझ्यासारख्या नोकराच्या मनात एकच प्रश्न येतो. यांतील कोणती गोष्ट करण्यास न्यायालयाच्या आदेशाची गरज होती?

या विषयावर माझे सहकारी मित्र जे बोलतात तेही नोंदविले पाहिजे. त्यांच्यापैकी एका गटाचे म्हणणे असे की ही सारी परकीय पैशांवर चालणारी मंडळी आहेत, देशाची बदनामी करून तिकडे वर्गणी गोळा करतात. बदनामी छायाचित्राने होत नाही, छायाचित्रात जे आहे त्याने होते, एवढे सांगून मी हा मुद्दा सोडून दिला असता. पण त्याची एक प्रशासकीय बाजू आहे. परकीय अभिदायाचा २०१० चा कायदा २०२० मध्ये दुरुस्त झाला. परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेने तो दुसऱ्या संस्थेस देण्यास बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. हिशेब चोख असावा यात दुमत नाही. मात्र नियमांत वकिलाचा खर्च प्रशासकीय खर्चात धरला जातो, आणि तस्करीच्या कामात वकील हेच औषध आहे. भिंत बांधली तर ते 'काम', खटला चालविला तर तो 'वरखर्च', असा हिशेब जो कायदा करतो, तो संस्थांना कोणत्या दिशेने ढकलतो हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

दुसरा गट कौतुक करणाऱ्यांचा. हा मला अधिक धोक्याचा वाटतो, कारण त्यात आपण सारे आहोत. या गटाच्या मते सरकार निकामी आहे, म्हणून कुटुंबांनी, न्यासांनी, सहृदय व्यक्तींनी हे काम हाती घ्यावे. होम्स यांच्यासारखा माणूस दार फोडून दाखवू शकतो. त्याने ते दाखविले, आणि त्याचे ऋण मी मानतो. परंतु दार फोडणे आणि दार राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. प्रेमाला समन्स काढता येत नाही. मुलीला आईबापांच्या स्वाधीन करावे की करू नये, बाप खरा आहे की दलालच बाप बनून आला आहे, हे ठरविण्याचा अधिकार कोणत्याही खाजगी न्यासाकडे असू नये, मग त्याचे संस्थापक देवमाणसे का असेनात.

असा अधिकार नुसत्या सदिच्छेच्या हाती गेला की काय होते याची उदाहरणे आहेत. ऑक्टोबर २००७ मध्ये एका फ्रेंच संस्थेची माणसे चाड देशातून १०३ मुलांना विमानाने फ्रान्सला नेण्याच्या बेतात असताना पकडली गेली. सुदानच्या दारफुर प्रांतातील युद्धाने अनाथ झालेली मुले म्हणून फ्रान्समधील कुटुंबे त्यांची वाट पाहत होती. चौकशीत दिसून आले की बहुतेक मुले चाडमधील सीमेलगतच्या गावांतली होती आणि त्यांचे आई किंवा बाप जिवंत होते. नेपाळमध्ये तर हा व्यवहार फार शांतपणे, वर्षानुवर्षे चालत आला. काठमांडू आणि पोखरा यांसारख्या पर्यटकांच्या गावांत अनाथालये वाढत गेली. दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतील मुले शिक्षणाच्या आमिषाने आणली जात, त्यांचे कागद अनाथाचे केले जात, आणि परदेशी पाहुणा देणगी देऊन, आठवडाभर मुलांना इंग्रजी गाणी शिकवून परत जाई. या गृहांतील बहुसंख्य मुलांचे पालक हयात असल्याचे वारंवार आढळले आहे. अनाथाला मागणी निर्माण झाली की अनाथाचा पुरवठा होतो. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या चर्चेत अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी हा गुलामगिरीचाच प्रकार म्हणून मान्य केला, तो याच अनुभवामुळे. आपल्याकडे मुझफ्फरपूर आहेच. सरकारी पैशांवर एका खाजगी संस्थेने चालविलेल्या मुलींच्या आश्रयगृहात काय चालले होते, ते २०१८ मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहणी अहवालामुळे उघडकीस आले. त्या पाहणीआधी तेथे सरकारी तपासण्या होतच नव्हत्या असे कोणी समजू नये. सर्कशीच्या वहीतले तेच वाक्य तेथील वहीतही होते, असे म्हणावयास हरकत नाही.

खरा प्रश्न सुटकेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि त्या दिवसाचे छायाचित्र कोणी काढीत नाही. मुलगी बालकल्याण समितीपुढे आणली जाते. तिची भाषा तामांग, थोडीफार नेपाळी, सर्कशीत शिकलेली हिंदी. तिचा जबाब कोण आणि कोणत्या भाषेत घेतो? तिला वेठबिगारीतून मुक्त झाल्याचे प्रमाणपत्र देण्याचे काम जिल्हा प्रशासनाचे आहे. पण ते दिले की आपल्या जिल्ह्यात वेठबिगार होती हे मान्य होते, म्हणून कलम लागते ते बालकामगाराचे, फार तर किरकोळ दुखापतीचे. मग तिला नेपाळात तिच्या घरी पाठविले जाते, आणि घरी जाणे हाच तिचा पहिला हक्क आहे. खटला मात्र उत्तर प्रदेशात, बिहारात किंवा आणखी कोठे चार-पाच वर्षांनी उभा राहतो. समन्स हेटौडाच्या वरच्या खेड्यात कोण नेणार? साक्षीदार हजर नाही, आरोपी निर्दोष. सर्कसमालकाच्या दृष्टीने हिशेब असा की काही मुली गेल्या, दलालाला निरोप धाडला, नव्या आल्या.

आणि मालकाला शिक्षा झालीच तर ती काय? वेठबिगार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. हे दोन हजार १९७६ चे आहेत. एका खेळाच्या गल्ल्यातून ते भागतात. बालकामगार कायद्यातील दंड २०१६ च्या दुरुस्तीने वाढून वीस ते पन्नास हजार झाला, त्याच दुरुस्तीने मुलांना करमणूक क्षेत्रात कलाकार म्हणून काम करण्याची जी सवलत दिली तिच्यातून सर्कस वगळली, हे बरेच झाले. परंतु गुन्ह्याची किंमत म्हणजे दंडाची रक्कम गुणिले पकडले जाऊन शिक्षा होण्याची शक्यता. दुसरा आकडा शून्याजवळ असेल तर पहिला दसपट करून काय उपयोग? १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालकामगार ठेवणाऱ्या मालकाकडून प्रत्येक मुलामागे वीस हजार रुपये वसूल करण्याचा आदेश दिला होता. आपल्या जिल्ह्यात तशी किती वसुली झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारून पाहा. उत्तर येण्यास लागणारा वेळ हेच बहुधा उत्तर असेल.

कायद्याच्या व्याख्येतही एक भोक बराच काळ होते. १९५६ चा अनैतिक व्यापारविरोधी कायदा वेश्याव्यवसायापुरता. २००२ मध्ये काठमांडूच्या सार्क परिषदेत तस्करीविरोधी करार झाला, त्याचीही व्याख्या वेश्याव्यवसायापुरतीच. सर्कशीसाठी विकलेली मुलगी म्हणून कोणत्याच कागदावर 'तस्करीग्रस्त' ठरत नव्हती. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७० मध्ये शोषणासाठीच्या तस्करीची व्यापक व्याख्या आली ती २०१३ मध्ये, दिल्लीतील त्या भयंकर घटनेनंतर. आता ती न्यायसंहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. तस्करीवर स्वतंत्र विधेयक २०१८ मध्ये लोकसभेने संमत केले, ते २०१९ मध्ये लोकसभेबरोबर व्यपगत झाले.

मात्र कायदा नाही ही सबब आता उरलेली नाही, साक्षीच्या बाबतीत तर नाहीच. दूरच्या साक्षीदाराची साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात २००३ मध्येच सांगितले. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच न्यायालयाने तस्करीतून सुटलेल्या बालसाक्षीदारांना खटल्याच्या गावी न बोलावता त्यांच्याच जिल्ह्यातून साक्ष देता यावी यासाठी कार्यपद्धती ठरवून दिली. ती देशातल्या देशात आहे. सीमेपलीकडील मुलीसाठी तशी व्यवस्था नेहमीची व्हावी, यासाठी काठमांडूतील दूतावास, तेथील एखादी विश्वासू संस्था आणि येथील सरकारी वकील यांची साखळी बांधावी लागेल. हे काम परराष्ट्र, गृह आणि महिला व बालविकास या तीन मंत्रालयांच्या उपसचिवांनी एका खोलीत बसून होण्यासारखे आहे. अशा खोल्यांत मी आयुष्याचा बराच भाग घालविला आहे. त्यांत याहून कठीण गोष्टी झालेल्या पाहिल्या आहेत.

आता महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांशी थोडे. दुबई, सिंगापूर, न्यू जर्सी येथून आणि देशातल्या देशात बंगळूर-दिल्लीहूनही मला पत्रे येतात. आईच्या किंवा वडिलांच्या, कधी अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ मुलांसाठी काही करावयाचे आहे, निधी आहे, एखादे बालगृह काढावे असे मनात आहे. या भावनेचा मी अनादर कसा करीन? होम्स यांचा न्यासही अशाच भावनेतून निघाला. तरी माझे उत्तर ठरलेले असते, की बालगृह काढू नका. इमारत उभी राहिली की ती भरावी लागते, आणि ती भरण्यासाठी मुले कोठून येतात ते वर सांगितले. नावाची पाटी लावलेली खोली रिकामी राहणे हे खरे यश आहे, पण ते देणगीदाराला दाखविता येत नाही.

त्याऐवजी एका जिल्ह्यातील तस्करीचे पाच खटले निवडा आणि ते निकालापर्यंत न्या. तामांग किंवा संथाळी, जी लागेल ती भाषा जाणणाऱ्या दुभाष्याचे मानधन द्या. साक्षीला येणाऱ्या मुलीचे आणि तिच्यासोबतच्या आईचे रेल्वेभाडे, राहण्याचा खर्च, बुडालेली मजुरी द्या. एका तरुण वकिलाला तीन वर्षे याच कामावर ठेवा. जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक शेवटची कधी झाली, ते दर तिमाहीस लेखी विचारा. माझे जातभाई अशा पत्रांनी वैतागतात, पण उत्तर द्यावे लागते म्हणून आदल्या आठवड्यात बैठक बोलावतात. मुलीचे छायाचित्र मात्र छापू नका, तिचे डोळे काळ्या पट्टीने झाकूनही नको.

ज्या न्यासाला तुम्ही आज देणगी देता, त्याचा वार्षिक अहवाल काढून पाहा. 'सोडविलेली मुले' हा रकाना पहिल्या पानावर असेल. त्याच्या शेजारी आणखी तीन रकाने मागा. किती मुलांना मुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, किती जणांना भरपाई प्रत्यक्ष हातात पडली, आणि किती खटल्यांत शिक्षा झाली. पुढील देणगी त्या तीन आकड्यांची वाट पाहून द्या.